ऐकण्याआधी वाचलेले अल्बम

२००४च्या सप्टेंबरात, पाऊस ओसरत असताना, पुण्यात कर्वे रस्त्याजवळच्या एका सायबर कॅफेत मी ‘फ्यूनरल’ हा अल्बम वाचला. वाचला असंच म्हणायला हवं, कारण ऐकायला मिळेपर्यंत फेब्रुवारी उजाडला. मॉन्ट्रियलच्या आर्केड फायर या बँडचं नाव तोवर माझ्या कानावर आलेलं नव्हतं. पिचफोर्क या संगीत-परीक्षणांच्या वेबसाइटवर परीक्षणाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत दहापैकी ९.७ हा आकडा होता आणि खाली भराभर वाचावा लागेल असा लांबलचक मजकूर, कारण तास संपत आला होता. अल्बम तयार होत असताना बँडमधल्यांच्या घरची माणसं एकापाठोपाठ गेली, म्हणून हे नाव, एवढं मी वहीत टिपून घेतलं. मग पाच महिने मी त्या शब्दांवरून मनातल्या मनात एक अल्बम रचत राहिलो. मित्राच्या भावाने अखेर सीडी राइट करून दिली, तेव्हा माझ्या अल्बमपेक्षा हा कितीतरी मोकळा, सगळ्यांनी मिळून गळा काढून गायलेला निघाला. सुरुवातीला मला तो आवडलाच नाही. माझाच बरा होता असं वाटत राहिलं.

इंडी आणि अल्टरनेटिव्ह संगीताशी आमच्या पिढीतल्या अनेकांची ओळख अशी उलट्या बाजूने झाली. दुकानात मोठ्या कंपन्यांचे अल्बम मिळत. ‘फ्यूनरल’ काढणाऱ्या, नॉर्थ कॅरोलायनातल्या मर्जसारख्या छोट्या कंपनीचा माल इथे कोण आणणार? आपल्याकडच्या बँडसाठी अलाहाबादहून १९९३पासून निघणारं ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ होतं, बाहेरच्यांसाठी परीक्षणं. पण वाचून ऐकायची सवय मला त्याआधीच लागली होती. वडिलांच्या कपाटात वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’ होतं. किराणा स्वराकडे किती झुकतं, आग्रा लयीकडे किती, जयपूर दोन्ही कसं तोलून धरतं, हे त्यात वाचायचं आणि मग रेडिओपाशी बसायचं. त्या पुस्तकात कुणाला दहापैकी गुण दिलेले नाहीत. तरी कोणाचं काय ऐकायचं ते पक्कं कळायचं.

परीक्षणांकडे मागे वळून पाहताना मी सुरुवात १९९१पासून करतो. केंटकीतल्या लुईव्हिल गावच्या चार पोरांनी, वय जेमतेम विशीचं, स्लिंट या नावाने ‘स्पायडरलँड’ रेकॉर्ड केला. सहा गाणी, चाळीस मिनिटांहून थोडी कमी. अल्बम बाजारात आला तेव्हा बँड मोडलेला होता. गायक गात नाही, शेजारी बसून हलक्या आवाजात गोष्ट सांगतो. गिटार कमी बोलते, मध्ये गप्प राहते आणि एकाएकी छप्पर कोसळावं तशी अंगावर येते. लंडनच्या ‘मेलडी मेकर’ या संगीत साप्ताहिकात याचं परीक्षण स्टीव्ह अल्बिनीने लिहिलं. तो स्वतः वादक, ध्वनिमुद्रणातला जाणता, स्लिंटचा पहिला अल्बम त्यानेच रेकॉर्ड केलेला. ओळखीच्या माणसांबद्दल लिहू नये हा संकेत त्याने सरळ मोडला आणि दहा तारे देऊन टाकले. दहा वर्षांनी लोक आपण या पोरांना प्रत्यक्ष ऐकलं होतं म्हणून खोटं सांगतील, अशा अर्थाचं भाकीतही केलं. ते खरं ठरलं. पोस्ट-रॉक म्हणून पुढे जे ओळखलं गेलं त्यातलं बरंचसं या चाळीस मिनिटांतून निघालं. तरी मला त्या परीक्षणात भाकितापेक्षा मोलाचं वाटतं ते त्याचं धाडस. फारसं कुणी ऐकत नसताना, बँड उरलेला नसताना, एका माणसाने आपली सगळी पत पणाला लावली.

उलटी उदाहरणंही आहेत. वीझरचा ‘पिंकर्टन’ १९९६ला आला आणि ‘रोलिंग स्टोन’च्या वाचकांनी त्याला वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांत बसवलं. २००४मध्ये त्याच मासिकाने त्याला पाच तारे दिले. न्यूट्रल मिल्क हॉटेलच्या १९९८मधल्या ‘इन द एरोप्लेन ओव्हर द सी’ला पिचफोर्कने आधी ८.७ दिले, २००५मध्ये अल्बम पुन्हा निघाला तेव्हा १०.

खरी कसोटी लागली ती ऑक्टोबर २०००मध्ये, रेडिओहेडच्या ‘किड ए’च्या वेळी. ‘ओके कम्प्यूटर’नंतर तीन वर्षं सगळे गिटारची वाट पाहत होते. सुईखाली आले ते इलेक्ट्रिक पियानोसारखे गोल, झोपाळू स्वर आणि टॉम यॉर्कच्या आवाजाच्या चिंध्या, कापून उलटसुलट जोडलेल्या. एकही सिंगल काढलं नव्हतं. ‘मेलडी मेकर’ने पाचपैकी दीड तारा दिला. निक हॉर्नबीने ‘न्यू यॉर्कर’मध्ये म्हटलं की दिवसभर काम करून घरी आलेल्या माणसाजवळ या अल्बमला लागणारा वेळ आणि धीर नसतो. आणि पिचफोर्कने प्रसिद्धीच्या दिवशीच १०. परीक्षण लिहिणाऱ्या ब्रेंट डिक्रेसेन्झोने उपमांची अशी उधळण केली की त्याची पुढे कैक वर्षं टवाळी झाली. मला ते परीक्षण अजून आवडतं. भारावलेला माणूस सावरायच्या आत लिहितो तेव्हा कसा लिहितो, हे त्यात दिसतं. हॉर्नबीचंही म्हणणं मला प्रामाणिक वाटतं. त्याने अल्बमइतकाच ऐकणाऱ्याच्या आयुष्याचा विचार केला होता. दीड तारा देणारं ‘मेलडी मेकर’, १९२६पासून निघणारं, त्याच डिसेंबरात बंद पडून ‘एनएमई’मध्ये मिसळलं. २००९मध्ये ‘रोलिंग स्टोन’ आणि पिचफोर्क दोघांनीही ‘किड ए’ला दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. म्हणून दीड तारा चुकीचा ठरतो का? त्या आठवड्यात, त्या कानांनी, तो तेवढाच ऐकू आला होता. ज्यांना तो थंड वाटला त्यांचीही नोंद उरली नसती, तर त्या अल्बमने लोकांकडून काय मागितलं होतं ते आज कळलंच नसतं.

आकड्याची दुसरी बाजू मी विसरू शकत नाही. ‘फ्यूनरल’चं परीक्षण आलं आणि मर्जकडच्या पहिल्या खेपेच्या प्रती हातोहात संपल्या. मिनिआपोलिसमध्ये रायन श्रायबर नावाच्या तरुण मुलाने सुरू केलेल्या पिचफोर्कचा शब्द आता बाजारात चालू लागला होता. त्याच २००४च्या शरद ऋतूत ट्रॅव्हिस मॉरिसनचा ‘ट्रॅव्हिस्टान’ आला. मॉरिसन वॉशिंग्टनच्या डिस्मेंबरमेंट प्लॅनचा गायक. बँडच्या १९९९मधल्या ‘इमर्जन्सी अँड आय’ला पिचफोर्कनेच ९.६ दिले होते. त्याच्या पहिल्या एकट्याच्या अल्बमला दिले ०.०. लोकांची नजर रातोरात बदलली, असं मॉरिसन पुढे एका मुलाखतीत म्हणाला.

शून्याबद्दल माझा राग आजही तेवढाच आहे. २ लिहिलं की ऐकणाऱ्याला सांगितलं जातं, यात काय फसलं ते वाच. ०.० लिहिलं की वाचायचं कारणच संपतं. तिथे परीक्षक कान बाजूला ठेवून नुसता हात उगारतो. दशांश चिन्हाने त्याला मोजमापाचा आव येतो, आणि मजकुरात कितीही विचार असला तरी तो आकड्याखाली दबून जातो. अल्बम पडला तर मोठी कंपनी दुसरा काढते. छोट्या कलाकाराच्या दौऱ्याचे पैसे त्याच एका अल्बमवर असतात. आम्हीही निर्दोष नव्हतो. कॅफेत बसून आम्ही पटपट आकडे पाहायचो आणि ७च्या खालचं उघडायचोही नाही. त्या वर्षी मी ‘ट्रॅव्हिस्टान’ ऐकला नाही. सीडी राइट करून देणाऱ्याला विचारलंही नाही.

ऑक्टोबर २०२१मध्ये पिचफोर्कने आपलेच काही जुने आकडे बदलले. डाफ्ट पंकचा ‘डिस्कव्हरी’ ६.४वरून १०वर गेला. लिझ फेअरचा २००३मधला अल्बम ०.०वरून ६.०वर आला. इंटरपोलचा ‘टर्न ऑन द ब्राइट लाइट्स’ ९.५वरून ७.०वर उतरला. कित्येकांना हा मोठेपणा वाटला. लिझ फेअरला न्याय मिळाला याचा मलाही आनंद झाला, कारण पॉप गाण्यांकडे वळलेल्या बाईला तिच्या जुन्या चाहत्यांनी दिलेली ती शिक्षा होती. पण बाकीची दुरुस्ती मला पटत नाही. ‘डिस्कव्हरी’चा ६.४ हा २००१ सालचा दस्तऐवज आहे. गिटारवर वाढलेले परीक्षक तेव्हा नाचायच्या संगीताला किती बिचकत होते, ते त्यात लख्ख दिसतं. इंटरपोलच्या ९.५मध्ये तेव्हाच्या न्यू यॉर्कचं भारलेपण आहे. वीस वर्षांनी दुसरा निबंध लिहावा, खुशाल विरुद्ध लिहावा, त्याखाली नवी तारीख घालावी. पहिल्या दिवशीच्या साक्षीवर नवा आकडा चढवला की साक्ष पुसट होते.

मग १७ जानेवारी २०२४ला पिचफोर्कची मालक कंपनी काँडे नास्टने जाहीर केलं की ते ‘जीक्यू’ या पुरुषांच्या मासिकात सामील केलं जाईल. बरेच जण कामावरून गेले. त्यांतल्या काहींनी मिळून त्याच वर्षी ‘हिअरिंग थिंग्ज’ सुरू केलं, लिहिणाऱ्यांच्या स्वतःच्या मालकीचं. मे महिन्यात अल्बिनी गेला. ती बातमी आली त्या रात्री मी ‘स्पायडरलँड’ लावला आणि ती जुनी वही काढली.

वहीत शंभरेक अल्बम आहेत. तारीख, कुठे वाचलं, कधी ऐकलं, काय वाटलं. ‘किड ए’समोर लिहिलंय, ‘पाचव्या गाण्यानंतर कंटाळा. पुन्हा ऐकणे.’ ते खोडलेलं नाही. ‘ट्रॅव्हिस्टान’समोर वीस वर्षं फक्त आकडा होता, पिचफोर्कचा. त्या आठवड्यात मी तो अल्बम पहिल्यांदा ऐकला, फोनवर, एका बैठकीत. मध्ये मध्ये त्यात अगदी छोटी चार गाणी येतात. अमेरिकी नाण्यांवर कोरलेले राष्ट्राध्यक्ष त्यांत बोलतात, आम्हाला या नाण्यावरून उतरवा म्हणून. सगळा अल्बम जमलेला नाही. चाली अडखळतात, काही शब्द चतुराईच्या नादाने लांबतात. पण ती चार गाणी मी लगेच परत लावली. आकड्याच्या शेजारी तारीख घातली, मे २०२४, आणि खाली लिहिलं, ‘नाण्यांची गाणी. आवाज थकलेला, गोड. उद्या पुन्हा.’