वकिलाची पाटी, दलालाची यादी

गंगापुरात बियाण्यांच्या दुकानापासून कोचिंग क्लासपर्यंत कुणीही फ्लेक्स लावून गिऱ्हाईक बोलावू शकतं. कोर्टात काळा कोट घालून उभ्या राहणाऱ्याला मात्र ती मुभा नाही. वाटणीचा दावा असो, जमिनीचा वाढीव मोबदला असो की वाळूजच्या कारखान्यातल्या कामगाराची केस, ‘माझ्याकडे या’ असं वकिलानं म्हणायचं नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ तसं बजावतो. कोर्टाची पायरी पहिल्यांदाच चढणाऱ्या माणसाचं त्यात भलं आहे, म्हणून त्यातल्या मजेशीर गोष्टी त्यानंच आधी वाचाव्यात.

पाटीला माप नाही, मजकुराला आहे
पाटी किती फुटांची असावी, हे नियम सांगत नाही. ‘वाजवी आकाराची’ एवढंच म्हणतो. मजकुराबाबत मात्र तो कडक आहे. बार असोसिएशनचा अध्यक्ष, बार कौन्सिलचा सदस्य, माजी न्यायाधीश, अमुक खटल्यांचा तज्ज्ञ, यातलं काहीही पाटीवर किंवा लेटरहेडवर चालत नाही. नाव लिहा, पत्ता लिहा. मोठेपणा लिहू नका.

पाटीवर बंदी, वेबसाइटवर परवानगी
२००८ मध्ये नियमाला एक खिडकी पडली. वकिलाला वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा क्रमांक व तारीख, शिक्षण आणि आपण कोणत्या प्रकारची कामं करतो, हे देता येऊ लागलं. म्हणजे ‘जमिनीचे दावे’ हे शब्द वेबसाइटवर चालतात, पण ‘जमिनीच्या दाव्यांचे तज्ज्ञ’ अशी दारावर पाटी लावली की नियम मोडतो!

फोर्टातली ओढाओढ
या विषयातला देशातला गाजलेला निकाल आपल्या महाराष्ट्रातला आहे. मुंबईत फोर्टमधल्या एस्प्लनेड फौजदारी कोर्टाच्या दारात काही वकील पक्षकार दिसला की त्याच्याकडे धावत, हातातले कागद हिसकावत, एकमेकांपेक्षा कमी फी सांगत आणि प्रसंगी हातघाईवर येत, अशी तक्रार होती. महाराष्ट्र बार कौन्सिल विरुद्ध दाभोलकर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७५ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठणकावलं की कायदा हा व्यापार नाही आणि खटले म्हणजे विक्रीचा माल नाही.

गांधीजींचे तीस रुपये
बॅरिस्टर होऊन मुंबईत आलेल्या गांधीजींना लघुवाद न्यायालयात पहिली केस मिळाली. दलालाला कमिशन द्यावं लागेल, असं त्यांना सांगण्यात आलं. बडे वकीलही देतात, हेही ऐकवलं. त्यांनी साफ नकार दिला. तरीही केस मिळाली, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिल्यावर मात्र त्यांना शब्द सुचेना, म्हणून त्यांनी केस सोडली. पण कमिशन न देण्याचा निश्चय पक्का राहिला.

दलालाचं नाव कोर्टाच्या भिंतीवर
कमिशन घेऊन वकिलाकडे गिऱ्हाईक आणणाऱ्या दलालांची यादी उच्च न्यायालय, जिल्हा न्यायाधीश किंवा जिल्हाधिकारी करू शकतात. आधी त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि मग यादी कोर्टात टांगायची. १८७९ च्या जुन्या कायद्याच्या जागी ही तरतूद आता वकील अधिनियमात आली असून ३० सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे. यादीत नाव असूनही दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाचशे रुपयांना आज कोण भिणार? दंड वाढायलाच हवा.

‘निकाल लागला की टक्का द्या’
हेही चालत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा मागायला नियम २० मनाई करतो. मोटार अपघाताच्या भरपाईतून टक्क्यानं फी मागण्याचं एक प्रकरण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलं, तेव्हा न्यायालयानंही हेच सुनावलं. जमीन गेलेल्या शेतकऱ्यानं मोबदल्याच्या अर्जावर सही करण्याआधी हा नियम ध्यानात ठेवावा.

तिकडे अमेरिकेत
फिनिक्स शहरातल्या बेट्स आणि ओस्टीन या दोन तरुण वकिलांनी १९७६ मध्ये वर्तमानपत्रात दरपत्रकच छापलं. वाद नसलेला घटस्फोट १७५ डॉलर, वर कोर्टाचे २०. त्यांच्यावर कारवाई झाली. १९७७ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. गरिबाला दर कळायला हवा, या मुद्द्यात तथ्य आहेच. इंग्लंडनंही १९८४ मध्ये सॉलिसिटरांना जाहिरातीची वाट मोकळी केली.

रील आणि सिनेनट
जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ऑनलाइन मंचांवरून जाहिरात करणाऱ्या वकिलांवर कारवाई करायला सांगितलं. १७ मार्च २०२५ ला बार कौन्सिल ऑफ इंडियानं सिनेकलाकार, इन्फ्लुएन्सर आणि धार्मिक-सांस्कृतिक कार्यक्रमांतल्या बॅनरांतून होणाऱ्या प्रसिद्धीलाही हरकत घेतली. नियम मोडणाऱ्याला ताकीद मिळू शकते, काही काळ वकिली बंद होऊ शकते किंवा सनदच जाऊ शकते.

मग वकील शोधायचा कसा?
ज्याची केस त्या वकिलानं चालवली आहे, अशा माणसाला विचारा. वकीलपत्रावर सही करण्याआधी सनदेचा क्रमांक पाहा. फी किती, कशाची, केव्हा द्यायची, हे कागदावर लिहून घ्या. पैसे नसतील तर १५१०० या क्रमांकावर फोन करा किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार, दिव्यांग आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानं दिला आहे. या मदतीची जाहिरात करायला कोणताच नियम आड येत नाही. तेव्हा हा क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत रंगवायला हवा, गंगापूर तालुक्यात सर्वांत आधी.