शाळेनंतरचे आयुष्य : लेखांक सहावा – पंक्तीची जबाबदारी

मागील लेखांकात परीक्षेच्या धास्तीने खचणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार केला. आज शाळा सोडल्याचा दाखला घेऊन बाहेर पडणाऱ्याचा करू. या दाखल्यात आईचे नाव, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण अशी सारी नोंद असते, आणि वर्तणुकीपुढे बहुधा 'चांगली' एवढाच शेरा. परंतु परगावी एकटा राहणारा हा मुलगा घरून आलेले पैसे महिनाअखेरपर्यंत पुरवील काय, मन उदास झाल्यास ते कोणापाशी मोकळे करील, यासाठी दाखल्यात रकाना नाही, आणि खेदाची गोष्ट अशी की पुष्कळ शाळांच्या वेळापत्रकात त्यासाठी तासही नाही.

मुलाला शाळेनंतरच्या आयुष्यासाठी तयार करण्याचा हा विचार महाराष्ट्राला मात्र नवा नाही. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास जे वसतिगृह उघडले, आणि १९२७ साली गांधीजींच्या हस्ते ज्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले, तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करीत, शेतात राबत. स्वावलंबनाने खर्चाची तोंडमिळवणी होई हे खरेच. पण मला त्यातील मानसिक लाभ अधिक मोलाचा वाटतो, कारण ज्याच्या हातच्या भाकरीवर पंक्तीतील इतरांचे जेवण अवलंबून असते, त्यास आपण कोणाला तरी हवे आहोत याची प्रचीती दररोज येते, आणि ती कोणत्याही उपदेशाने येत नाही. या कष्टांवर मायेची पाखर होती, हेही विसरता कामा नये : मुलांच्या अन्नासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा, दिले. ही माया वगळून केवळ श्रमाचे अनुकरण करणारी वसतिगृहे मुलांना राबवून घेतात, घडवीत नाहीत.

आजच्या मुलासही अशी जबाबदारी वेळीच द्यायला हवी. दहावी उत्तीर्ण होणारा मुलगा साधारणतः पंधरा-सोळा वर्षांचा असतो, आणि १८७५ च्या कायद्यान्वये अठराव्या वर्षी तो सज्ञान होतो. तोवर त्याने केलेला करार त्याच्यावर बंधनकारक नसतो. त्यानंतर मात्र मित्राच्या कर्जास जामीन राहून केलेली सही त्याला पुरती बांधून टाकते. मधली ही दोन-तीन वर्षे सरावाची आहेत. वसतिगृहाच्या खाणावळीचा जमाखर्च दरमहा दोघा विद्यार्थ्यांकडे सोपवावा, वाण्याची बिले व कीर्द त्यांनीच ताडून पाहावी, घरभाड्याचा एखादा करारनामा वर्गात कलमवार वाचावा. हिशेबात तूट आली तर अधीक्षकाने रागावण्यापूर्वी मुलास जवळ बसवून विचारपूस करावी, कारण तुटीमागे कधी बेरीज चुकलेली असते, तर कधी घरी न कळविलेली अडचण असते, आणि ती अडचण बोलून दाखविण्याची संधी त्यास बहुधा याच वेळी मिळते.

मुलींच्या वसतिगृहांचे प्रश्न निराळे असल्याने त्यांचा परामर्श पुढील लेखांकी घेऊ.