बंद तुळईतला गंज

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडात पोलादाचे वाटप सरकारी परवान्यावर चाले, आणि ज्याचा माल परदेशी जाऊन परकीय चलन आणील त्या कारखान्याकडे सरकारची मेहेरनजर असे. अशा काळात रोव्हर कंपनीची तांत्रिक धुरा वाहणाऱ्या मॉरिस विल्क्स यांनी, अँगल्सी बेटावरील आपल्या शेतावर राबणाऱ्या युद्धोत्तर मोडीतल्या जीपच्या धर्तीवर शेतकऱ्याच्या उपयोगाची एक गाडी योजिली. पोलादाच्या दुर्भिक्षामुळे तिचे अंग ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचे करावे लागले; सांगाडा मात्र पोलादाचाच ठेवणे भाग होते. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांसमोर आलेली लँड रोव्हर ती हीच. अंग टिकाऊ आणि अस्थी नाशवंत अशी ही उफराटी रचना तिच्या वाट्याला आल्यामुळे, सांगाड्याच्या पोटातला गंज काढण्याची जी विद्या पुढे विलायतेतील गॅरेजांतून आणि शेतघरांच्या पडव्यांतून वाढीस लागली, तिचा विकास या एका गाडीच्या निमित्ताने जितका झाला तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या गाडीच्या निमित्ताने झाला असेल.

या सांगाड्याची घडण समजून घेतल्यावाचून त्याच्या रोगाचे निदान होत नाही. लांबलचक तुळया एका दाबात घडविणारे अवजड साचे करविण्याइतका पैसा कंपनीपाशी नव्हता. म्हणून सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याच्या चार सपाट पट्ट्या कडेकडेने वेल्डिंगने जोडून चौकोनी पोकळ तुळई सिद्ध करण्याची युक्ती योजिली गेली. युक्ती नामी होती. चारी बाजूंनी बंद असलेली तुळई उघड्या पन्हाळीपेक्षा पिळाला कितीतरी अधिक विरोध करते, आणि नांगरटीच्या ढेकळांतून एक चाक वर व एक खाली अशा अवस्थेत चालणाऱ्या गाडीला नेमका तोच गुण हवा असतो. परंतु ज्या बंदिस्तपणाने हे बळ दिले त्यानेच ब्रशाला, कानशीला आणि कारागिराच्या हाताला आत मज्जाव केला. आपल्याकडील मालमोटारीच्या किंवा एस. टी.च्या गाडीच्या चासीची मुख्य तुळई पन्हाळीसारखी एका बाजूने उघडी असते, तिच्यावर चढलेला गंज तारेच्या ब्रशाने खरवडता येतो व रंगाचा हात देता येतो. लँड रोव्हरच्या तुळईत रंग आतवर नीट पोचविण्याचीच सोय नव्हती. आरंभीच्या चाचणीसाठी केलेल्या गाड्यांचे सांगाडे जस्तात बुडविलेले होते, पण विक्रीच्या मालाच्या बाबतीत ती तजवीज सोडून देण्यात आली, आणि त्या काटकसरीचे व्याज मालकांच्या पिढ्या अद्याप भरीत आहेत.

पाणी आत जाते ते तारा नेण्यासाठी, बोल्ट बसविण्यासाठी आणि खुद्द निचऱ्यासाठी ठेवलेल्या भोकांतून. चाकांनी उडविलेला चिखल त्याच वाटेने आत शिरून तळाशी बसतो, निचऱ्याची भोके बुजवितो आणि ओल्या पोटिसासारखा पत्र्याला महिनोन् महिने चिकटून राहतो. त्यात हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकण्याचा विलायती परिपाठ. चेशायरमधील विन्सफर्डच्या खाणीतून १८४४ पासून निघणारे सैंधव आज प्रामुख्याने याच कामी खर्ची पडते. नुसत्या पाण्याने लागणारा गंज आणि खारटाने लागणारा गंज यांत मोठे अंतर आहे. मिठातील क्लोराइड गंजाच्या थराखाली, धातूला पडलेल्या खळग्यांत दडून बसते, तेथील ओल आम्लधर्मी करते, आणि वरचे पोपडे कितीही निपटून काढले तरी आपले काम चालूच ठेवते. कोकणपट्टीत खाऱ्या वाऱ्याला तोंड देणारी गाडी ज्यांनी सांभाळली आहे त्यांना हा अनुभव सांगावयास नको. शिवाय गंज हा ज्या लोखंडाचा बनतो त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे दोन पत्रे जेथे एकावर एक असतात तेथे तो त्यांना पाचर ठोकल्याप्रमाणे विलग करतो.

या रोगाची परीक्षा डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक होते. जाणता कारागीर लहानशा हातोडीने तुळई टोकापासून टोकापर्यंत वाजवीत जातो. शाबूत पोलाद खणखणते, कुजलेले बद्द वाजते, आणि बाहेरचा काळा रंग तुकतुकीत असतानाही हा आवाज खोटे बोलत नाही. चिखलाचा मारा जिच्यावर सर्वाधिक होतो ती मागची आडवी तुळई प्रथम दगा देते. इंग्लंडातील वार्षिक तपासणी, जी १९६० पासून सक्तीची झाली, तिचा तपासनीसही हाच ठोकताळा वापरतो: चाके, स्प्रिंगा आणि सुकाणू जेथे सांगाड्याला जखडलेले असतात तेथून तीस सेंटिमीटरांच्या आत पत्रा कुजलेला आढळला तर दाखला नामंजूर. अलीकडे बोटाएवढा कॅमेरा नळीच्या टोकाला लावून आत डोकावता येते खरे. पण चित्रात दिसणारा तांबूस थर पापुद्रा आहे की पत्र्याच्या निम्म्या जाडीपर्यंत पोचलेला आहे, हे शेवटी हातोडीलाच विचारावे लागते.

प्रत्यक्ष उपचाराचा पहिला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे धुणे, आणि नेमका तोच सर्वांत तुच्छ लेखला जातो. तुंबलेली गटारे साफ करणारे लोक मागच्या अंगाने फवारे सोडणारी तोटी वापरतात. ती पाण्याच्या जोराने स्वतःच पुढे सरकते आणि मागे येणारा गाळ बाहेर लोटते. तीच तोटी तुळईत घातली असता कित्येक वर्षांची शेतमाती घमेल्याघमेल्याने बाहेर येते. निघणारे पाणी निवळ येईपर्यंत, आणि शक्य असेल तर गरम पाण्याने, ही धुलाई चालवावी लागते, कारण क्लोराइड घालविण्याचा दुसरा खात्रीचा उपाय नाही. सुटे न झालेले खवले पाडण्यासाठी साखळीचा तुकडा लवचिक तारदोराला बांधून, तो ड्रिलने आत गरगर फिरवितात. आवाज भयंकर होतो. पण काम होते.

त्यानंतर रसायनांचा प्रांत सुरू होतो, आणि येथे उत्साही मंडळींची सर्वाधिक फसगत होते. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात विजेचा प्रवाह सोडून गंज सोडविण्याची रीत सुट्या भागांना उत्तम लागू पडते. पण हा प्रवाह समोरासमोरच्या पृष्ठभागांतच नीट वाहतो, त्यामुळे पोकळ तुळईच्या आतपर्यंत दुसरी लोखंडी कांब, कोठेही न टेकता, लोंबकळत ठेवावी लागते. साखर कारखान्याची मळी पाण्यात कालवून तीत गंजके लोखंड आठवडेच्या आठवडे भिजत घालणारे लोकही आहेत. संपूर्ण सांगाड्यासाठी त्यांना हौदच बांधावा लागेल. फॉस्फोरिक आम्ल त्यामानाने व्यवहार्य. ते गंजाचे रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्ये करते, आणि लोखंडावर असा थर चढविण्याच्या प्रक्रियेचे पेटंट १९०६ मध्ये टॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी घेतले ते बर्मिंगहॅममध्ये, म्हणजे लँड रोव्हरच्या जन्मगावाच्या, सॉलिहलच्या, शेजारीच. दिल्लीच्या लोहस्तंभाच्या दीर्घायुष्याचे श्रेयही त्याच्या लोखंडातील स्फुरदाला दिले जाते. टॅनिनयुक्त द्रव्यांचे कार्य वेगळे: हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून काळी शाई करावी त्याच न्यायाने ती गंजाला काळ्या, स्थिर थरात बदलतात. मात्र दोहोंचाही अंमल पातळ गंजावरच चालतो. जाड पोपड्यावर ओतलेले द्रव्य वरचा पापुद्रा काळा करून थांबते, आणि सांध्यांत अडकलेले आम्ल धुऊन न काढल्यास स्वतःच अपाय करते.

तेव्हा आतील गंज निःशेष निघत नाही, हे मान्य करूनच पुढची पायरी चढावयाची असते. उरलेल्या गंजाला हवा आणि पाणी मिळू द्यावयाचे नाही, एवढाच मग उद्देश राहतो, आणि त्यासाठी सांध्यासांध्यांत झिरपणारे तेल किंवा मेण हेच योग्य. विमानांच्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्यात गरम जवसाचे तेल घोळवून भोके बंद करण्याची प्रथा वैमानिकी कारागिरांत होतीच. इंग्लंडात मेंढीच्या लोकरीतून निघणारी चरबी आणि पातळ केलेले मेण यांनी तीच जागा घेतली. चारी दिशांना फवारणारी लांब नळी तुळईच्या शेवटापर्यंत घालून, ती हळूहळू मागे ओढीत हा लेप देतात. डबा आधी गरम पाण्यात ठेवतात, दिवस कोरडा निवडतात. बाहेरून डांबरी लेपाचा जाड थर थापण्याची जी सार्वत्रिक हौस आहे तिच्याविषयी मात्र मला तिळमात्र आदर नाही: तो लेप वाळून तडकला की फटीतून शिरलेले पाणी आतच कोंडतो, आणि तपासनिसाची हातोडी पडेपर्यंत मालक निर्धास्त राहतो. एक क्रम तर कधीही उलटू नये. ठिगळे लावावयाची असल्यास वेल्डिंग आधी आणि मेण नंतर. तेल माखलेल्या तुळईला ठिणगी लावणाऱ्याने पाण्याची बादली जवळ ठेवलेली बरी.

जेथे ठिगळावर ठिगळ चढले आहे, तेथे सांगाडाच बदलणे शहाणपणाचे. जुना सांगाडा वाचण्याजोगा असेल तर त्याला आम्लाच्या हौदात बुडवून आतबाहेर लख्ख करतात आणि मग सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापलेल्या वितळल्या जस्तात सोडतात. त्यापूर्वी प्रत्येक बंद पोकळीला भोक पाडलेले आहे की नाही हे पाहणारा माणूस फार दक्ष असावा लागतो, कारण आत कोंडलेल्या ओलाव्याची वाफ झाली तर तुळई फुटून जस्त चौफेर उडते. नवा सांगाडा विकत घेणाऱ्याला २०२५ पर्यंत दफ्तराचा मामलाही निस्तरावा लागे: इंग्लंडच्या वाहन-नोंदणी खात्याच्या तेव्हाच्या गुणपद्धतीत गाडीला जुना क्रमांक राखण्यासाठी किमान आठ गुण हवे असत, त्यांपैकी पाच एकट्या सांगाड्याचे, आणि ते मिळण्यासाठी सांगाडा मूळचा किंवा मूळ बरहुकूम नवा असावा लागे. दुसऱ्या गाडीचा उतरवून आणलेला सांगाडा, मग तो कितीही निरोगी असो, त्या हिशेबात बसत नसे.