अंगणवाडीताईंची युनियन: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

तिकोणा पेठेतल्या अंगणवाडी सेविकेला मावळ तालुक्याच्या कार्यालयात एखादा अर्ज द्यायचा असेल, तर पवनानगर, कामशेत करत वडगाव गाठावं लागतं. सकाळचा आहार, मुलांची वजनं, गरोदर बाईच्या घरची भेट सांभाळून हा फेरा करायचा. एवढं करून अर्जाची पोच घेतली नाही, तर तो दिला होता याला पुरावा राहत नाही. युनियनची शाखा उपयोगी पडते ती इथे. तरी तिच्याबद्दल गावात आणि खुद्द ताईंमध्येही बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज 1: मानधनावरच्या बाईला युनियन करता येत नाही.

वस्तुस्थिती: संघटना बांधण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 19 ने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. सेविका आणि मदतनीस शासकीय पदावर नाहीत, त्या मानधनी आहेत, हे खरं. पण त्यामुळे हा हक्क हिरावला जात नाही. 1926 च्या कायद्यापासून नोंदणीसाठी किमान सात सभासद लागत आले आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही किमान अट कायम आहे. अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात, ती एकात्मिक बाल विकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. आज महाराष्ट्रात अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या अनेक संघटना आहेत आणि त्यांची राज्यव्यापी कृती समितीही आहे.

गैरसमज 2: युनियन म्हणजे संप.

वस्तुस्थिती: संप बातमीत दिसतो, शाखेचं रोजचं काम दिसत नाही. कुणाचं मानधन दोन महिने अडकलं, बैठकीचा प्रवास भत्ता थकला, आहाराचं बिल निघालं नाही, मदतनिसाची जागा रिकामी आहे म्हणून सेविकेलाच झाडलोटीपासून सगळं करावं लागतं, अशा तक्रारी शाखेकडे येतात. शाखेची कार्यकर्ती त्या बीटनुसार, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटानुसार, एकत्र करते, एकाच निवेदनात मांडते आणि बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे देते. दुसऱ्या प्रतीवर आवक-शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय ती खुर्चीवरून उठत नाही. एकटीचा अर्ज फायलीत राहून जातो. तीस जणींच्या सह्यांचं, पोच असलेलं निवेदन बाजूला सारणं कार्यालयाला जड जातं.

गैरसमज 3: संपाने काही मिळत नाही, मुलांचे मात्र हाल होतात.

वस्तुस्थिती: मुलांची गैरसोय होते, हे मान्यच करायला हवं. मूल आहाराविना राहिलं तर ते सगळ्यांत आधी ताईलाच कळतं, म्हणून संप हा तिच्यासाठी शेवटचा उपाय असतो. पण काही मिळत नाही, हे खरं नाही. 2017 च्या संपानंतर सेविकेचं मानधन 5,000 वरून 6,500 रुपये झालं. फेब्रुवारी 2023 च्या आंदोलनानंतर ते 8,325 वरून 10,000 वर गेलं. 4 डिसेंबर 2023 पासून संप 52 दिवस चालला. त्यानंतर ऑक्टोबर 2024 मध्ये सेविकेचं मानधन 13,000 झालं आणि मदतनिसाचं 5,500 वरून 7,500 झालं. मार्च 2018 मध्ये अंगणवाडी कर्मचाऱ्यांना ‘मेस्मा’, म्हणजे अत्यावश्यक सेवांमधल्या संपाला बंदी घालणारा कायदा, लावला गेला, तेव्हा विधिमंडळात गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात त्या निर्णयाला स्थगिती मिळाली.

संप सोडून दुसरं आंदोलन केलं तरी बोल लागतोच. 2021 मध्ये ताईंनी सरकारी मोबाईल परत केले, तेव्हा ‘यांना कामच नको’ अशी टीका झाली. प्रत्यक्षात ते मोबाईल सारखे बंद पडत होते, दुरुस्तीचा भुर्दंड ताईंवर येत होता आणि रोजच्या नोंदींचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत होतं. चालणारा मोबाईल द्या आणि ॲप मराठीत करा, ही मागणी काम नीट व्हावं म्हणूनच होती.

गैरसमज 4: वर्गणी पुढाऱ्यांच्या खिशात जाते.

वस्तुस्थिती: नोंदणीकृत युनियनला दरवर्षी लेखापरीक्षण झालेला हिशेब निबंधकाकडे सादर करावा लागतो. हिशेबाची वही पाहण्याचा हक्क सभासदाला कायद्याने आहे. राजकीय कामासाठी निधी गोळा करायचा तर तो वेगळा ठेवावा लागतो आणि त्यात पैसे भरण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. तेव्हा शंका असेल तर वर्गणी थांबवू नका. पावती मागा, सभेत उभं राहून हिशेब विचारा. हिशेब विचारणाऱ्या सभासदांमुळेच शाखा सरळ राहते.

गैरसमज 5: निवृत्तीच्या वेळी एकरकमी लाभ मिळाला की हक्क संपला.

वस्तुस्थिती: राज्यात सेविकेला 1 लाख आणि मदतनिसाला 75 हजार रुपये असा एकरकमी लाभ ठरला. ग्रॅच्युइटी ही त्याहून वेगळी गोष्ट. 25 एप्रिल 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या प्रकरणात निकाल दिला की, तेव्हाचा 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना लागू होतो. त्या कायद्याचं सूत्र सोपं होतं: शेवटचं मासिक मानधन गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं. 13,000 मानधन आणि 30 वर्षं सेवा असेल तर 7,500 गुणिले 30, म्हणजे 2 लाख 25 हजार रुपये होतात. तीस वर्षं गावाची पोरं सांभाळलेल्या बाईसाठी हा फरक मोठा आहे. निकाल लागला म्हणून पैसे आपोआप हातात पडत नाहीत. 2023-24 च्या संपातही ग्रॅच्युइटीची मागणी होती, आणि तिचा पाठपुरावा हे शाखांचं काम आहे.

या हिशेबात सेवेची वर्षं महत्त्वाची, आणि ती सिद्ध होतात नेमणुकीच्या आदेशावरून. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा तो कागद बहुतेकींच्या घरी पत्र्याच्या पेटीत, घडीवर चिरत चाललेला असतो. पवना नदीच्या खोऱ्यातल्या पावसात त्याला ओल लागायला वेळ लागत नाही. म्हणून या आठवड्यात एवढं कराच: आदेश शोधा, दोन झेरॉक्स काढा, एक घरी ठेवा, एक शाखेकडे द्या. आणि शाखेकडूनही पोच घ्या.