न मिटणारी भूक

जन्मल्यावर ज्या बाळाच्या अंगात दूध ओढण्याइतकंही बळ नसतं, ज्याला कित्येक आठवडे नळीनं पाजावं लागतं, तेच मूल आठेक वर्षांचं होता होता फडताळ, फ्रीज, प्रसंगी कचऱ्याचा डबाही धुंडाळू लागतं. आपल्याकडे लोक ‘भस्म्या झालाय’ म्हणून मोकळे होतात. पण या विकाराला नाव आहे : प्रॅडर-विली सिंड्रोम. झुरिकच्या प्रॅडर, लॅबहार्ट आणि विली या डॉक्टरांनी १९५६ मध्ये त्याचं वर्णन केलं. बिचाऱ्या लॅबहार्टांचं नाव पुढे गळालं.

साधारण १५ ते २० हजार जन्मांत एखादं असं मूल असतं. पंधराव्या गुणसूत्रावरची काही जनुकं फक्त वडिलांकडून आलेल्या प्रतीतच जागी असतात, आईकडच्या प्रतीत ती निजलेली. वडिलांकडचा तो तुकडा गळाला, किंवा दोन्ही प्रती आईकडूनच आल्या, की हा विकार होतो. आईकडचा तुकडा गळाला तर होतो तो अँजेलमन सिंड्रोम, अगदीच वेगळा.

१९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कंगावा यांना उंदराच्या जठरात घ्रेलिन हे संप्रेरक सापडलं. जेवणाआधी ते रक्तात चढतं, जेवल्यावर उतरतं. २००२ मध्ये प्रॅडर-विलीच्या रुग्णांत ते कित्येक पटींनी जास्त आढळलं आणि चोर सापडला असंच वाटलं. पण पुढे दिसलं की भूक न लागणाऱ्या तान्ह्या वयातही ते चढलेलं असतं. औषधानं ते उतरवलं तरी भूक तशीच! म्हणून संशय आता मेंदूतल्या हायपोथॅलॅमसवर जास्त आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत या भुकेसाठी पहिलं औषध मंजूर झालं, डायझॉक्साइड कोलीन. त्याचा रोखही घ्रेलिनवर नाही.

या मुलांना ओकारी सहसा होत नाही, दुखणंही कमी जाणवतं; अति खाण्यानं जठर फाटण्यापर्यंत वेळ येते. त्यात स्नायू कमी, म्हणून इतर मुलांपेक्षा थोड्याच अन्नावर वजन वाढतं. तेव्हा स्वयंपाकघराला कुलूप लागतं. बाहेरच्याला ते निर्दय वाटतं. मात्र कुलूप आहे, जेवण किती वाजता आणि ताटात काय हे भिंतीवर लिहिलेलं आहे, जास्तीचं काही मिळणार नाही हे पक्कं आहे, अशा घरात मूल बरंच शांत होतं. खायला मिळेल की नाही, ही दिवसभराची टोचणी तेवढी थांबते.