समुद्राच्या तीन चाली

आमच्या बऱ्याच वाचकांना समुद्र रोज दिसत नाही. मराठवाडा-विदर्भातून येणाऱ्यांना तो दादरच्या चौपाटीवर डिसेंबर महिन्यात भेटतो आणि तेव्हा तो शांत असतो. तोच समुद्र जुलैमध्ये तटावर आदळून रस्त्यावर वाळू फेकतो. लोक म्हणतात, समुद्र कोपला. परंतु समुद्राला राग-लोभ नाही. त्याच्या हालण्याला कारणे आहेत आणि ती समजून घेण्यासारखी आहेत. कारण त्या हालण्याचा संबंध आपल्या मुलांच्या जिवाशी, वस्तीत शिरणाऱ्या पाण्याशी आणि गावाकडच्या पावसाशी येतो.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, पेशाने कारकून. जमाखर्चात प्रत्येक खाते वेगळे ठेवावे लागते, एवढे आम्हाला कळते. समुद्राचीही तीन खाती आहेत: लाट, भरती-ओहोटी आणि प्रवाह. तिन्हींची कारणे वेगळी, धोकेही वेगळे.

लाट : वाऱ्याचे काम

वारा पाण्यावरून घासत जातो आणि लाट उठते. वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला आणि किती मोकळ्या अंतरावरून आला, या तीन गोष्टींवर लाटेची उंची ठरते. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून शेकडो मैल सलग वाहतो, म्हणून आपल्या किनाऱ्यावर तेव्हा मोठ्या लाटा येतात.

खोल समुद्रात लाटेबरोबर पाणी फारसे पुढे जात नाही. दोरीचे एक टोक खिडकीला बांधून दुसरे झटकले, तर हेलकावा पुढे पळतो, दोरी मात्र जागेवर राहते. तसेच पाणी वर-खाली गोल फिरते आणि जोर तेवढा पुढे सरकतो. किनाऱ्याजवळ तळ उथळ झाला की लाटेचा पाय अडतो, डोके पुढे जाते आणि ती फुटते.

हा जोर फार लांबून येऊ शकतो. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला वादळ झाले, तर तिथल्या लाटा काही दिवसांनी केरळच्या किनाऱ्यावर थडकतात. इथे आभाळ निरभ्र, वारा नाही आणि पाणी मात्र घरात! तिथले कोळी याला ‘कल्लकडल’ म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. आता हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र याची आगाऊ सूचना देते.

पालकांनी आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाताना कधी कधी एका अरुंद वाटेने जोरात आत ओढ घेते. त्यात सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे पोहू पाहतो, दमतो आणि बुडतो. अशा वेळी घाबरू नये. तरंगत राहावे, जमल्यास किनाऱ्याला समांतर बाजूला पोहावे आणि हात करून मदत मागावी. पोहता येत नसेल तर पावसाळ्यात पाण्यात उतरूच नये.

भरती : चंद्राची ओढ

भरतीचे खाते चंद्राकडे आहे, थोडे सूर्याकडेही. चंद्राच्या ओढीने साधारण सव्वाबारा ते साडेबारा तासांनी भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोघांची ओढ एका रेषेत येते आणि मोठी भरती होते. तिला कोकणात उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास भरती लहान, तिला भांग म्हणतात.

मुंबईत बऱ्याच नाल्यांची तोंडे मोठ्या भरतीत पाण्याखाली जातात. मग पावसाचे पाणी बाहेर पडेना. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी मोठी भरती होती. मिठी नदीकाठच्या वस्त्यांनी त्याची किंमत मोजली. खाडीकाठची तिवरांची झाडे पाण्याचा जोर अडवतात. ती तोडून भराव घातला, की पाणी आपली जागा शोधत गरिबाच्या खोलीत येते. साडेचार मीटरवरच्या भरत्यांचे वेळापत्रक महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. ते आमच्या मते प्रत्येक चाळीच्या फलकावर लागले पाहिजे.

प्रवाह : उष्णतेची ने-आण

तिसरे खाते सर्वांत मोठे. नेहमीचे वारे, पाण्याची उष्णता व खारेपणा आणि पृथ्वीचे फिरणे यांमुळे समुद्रात प्रचंड प्रवाह वाहतात. ते विषुववृत्ताची उष्णता दूर नेतात आणि थंड पाणी परत आणतात. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्याने असा एक थंड प्रवाह वाहतो. त्यामुळे तिथे मासळी भरपूर, पण हवा थंड राहून पाऊस पडत नाही. दारात महासागर आणि किनारा मात्र वाळवंट!

काही वर्षांनी पॅसिफिक महासागरावरचे पूर्वेकडून वाहणारे वारे मंदावतात. पश्चिमेला साचलेले गरम पाणी पेरूकडे सरकते. तिथे मासळी घटते, वाळवंटात पूर येतात. याला एल निनो म्हणतात. अशा वर्षी आपला मान्सून पुष्कळदा कमजोर पडतो. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा अंदाज शोधत होते. खात्यातल्या कर्मचाऱ्यांनी हाताने केलेल्या आकडेमोडीतून त्यांना दिसले, की पॅसिफिक आणि हिंदी महासागरावरचा हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वर-खाली होतो. पुढे या तराजूचा एल निनोशी मेळ लागला.

२०१५ साली मोठा एल निनो होता. देशात पाऊस सरासरीच्या १४ टक्के कमी झाला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. मात्र सारे खापर समुद्रावर फोडता येणार नाही. १९९७ साली तर फार मोठा एल निनो असूनही आपला मान्सून सर्वसाधारण राहिला. हिंदी महासागराचे स्वतःचे तापमानही त्यात भाग घेते. शिवाय पाऊस कमी पडणे निसर्गाचे असले, तरी धरणातले उरलेले पाणी कुणाला आधी मिळावे, हे माणसेच ठरवतात. तिथे प्रश्न विचारणे आपले काम आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, वारा, चंद्र आणि उष्णता ही तीन कारणे मुलांना नकाशा समोर ठेवून समजावून सांगा. पुढल्या वेळी कुणी ‘समुद्र कोपला’ म्हणाले, तर मुलाने विचारावे: लाट मोठी होती, भरती होती, की वाट अडवली होती? उत्तर मिळाले की उपायही सापडतो.