पुढे घोडी, मागे गाडा

घोड्यांच्या शर्यती म्हटल्या की पुण्याचे किंवा मुंबईतील महालक्ष्मीचे रेसकोर्स डोळ्यांसमोर येते. हिरवळ, रंगीत पोशाखातले जॉकी आणि पैजा. आमच्या जुन्नर-आंबेगावात मात्र घोडी धावते ती बैलगाड्यापुढे. तिच्यासाठी कुणी तिकीट काढत नाही की तिचे नाव बक्षिसाच्या यादीत नसते. तरीही तिच्यावाचून आमची शर्यत होत नाही.

शर्यतीच्या चढत्या धावपट्टीला आमच्याकडे ‘घाट’ म्हणतात. एका वेळी एकच गाडा सुटतो. हलक्या गाड्याला चार बैल, दोन मागे, दोन पुढे आणि त्यांच्याही पुढे स्वारासह घोडी. या एका धावेला ‘बारी’ म्हणतात. गाड्याची स्पर्धा शेजारच्या गाड्याशी नसून घड्याळाशी असते. निकाल सेकंदांवर ठरतो आणि सर्वांत कमी वेळ घेणारा गाडा ‘घाटाचा राजा’ होतो. ध्वनिक्षेपकावरून ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठली की टोप्या आणि भंडारा एकदमच आकाशात उडतात.

ही केवळ करमणूक नव्हे. खंडोबाला गाड्याचा नवस बोलण्याची रीत येथे जुनी आहे. आंबेगाव तालुक्यातील थापलिंगच्या खंडोबाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते, तेव्हा गाडे पळतात. चैत्र-वैशाखात तर गावोगाव यात्रा. सकाळी देवाचा अभिषेक, दुपारी गाडे, मग कुस्त्यांचा आखाडा आणि रात्री तमाशा. तमाशाची सुपारी द्यायला पंचमंडळी जातात ती विठाबाईंच्या नारायणगावला. घाट आणि फड ही आमच्या लोकजीवनाची जुळी भावंडे आहेत.

या घाटावर मध्यंतरी शुकशुकाट झाला. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचे नाव घातले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. आमच्या दावणीचा बैल तेव्हा ऐन उमेदीत होता. शेजाऱ्यांनी आपले बैल विकले, आजोबांनी विकला नाही. वर्षानुवर्षे त्याला पेंड आणि कडबा घालत राहिले.

‘घोड्याला एक न्याय आणि बैलाला दुसरा का?’ हा प्रश्न त्या काळात पारावर रोज निघे. १९९६ साली याच न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला होता. पण २०१४ च्या निकालातील मुद्दा मला टाळता येत नाही. घोड्याचे शरीर धावण्यासाठी घडले आहे, बैलाचे ओझे ओढण्यासाठी. त्याला जबरीने पळवायचे, तर वेदना देण्याचा मोह होतोच.

हे मी आजोबांना सांगितले. वाटले, रागावतील. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “खोटं कशाला बोलू? शेपटी मीबी पिरगाळलीय. पर पोरा, घोडीमागं पळणारा बैल आन् काठीला भिऊन पळणारा बैल, सेकंद दोघंबी सारखंच काढत्याल. दुसरा मात्र घरी आल्यावर हात चाटत न्हाई.”

आमच्या घाटाचे मर्म त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. घोडी पुढे धावते, ती बैलांना दिशा आणि चेव देण्यासाठी. मागून मारण्यापेक्षा पुढून बोलावण्याची ही युक्ती आमच्या पूर्वजांनी काढली. काठी व टोचणी नंतर, ईर्षेपोटी आली.

राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, पण शर्यतीस परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ रोजी. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि बैलांची वैद्यकीय तपासणी हवी, धावपट्टी १००० मीटरपेक्षा लांब नको. बैलाला इजा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

काहींना हे नियम जाच वाटतात. मला ते आजोबांच्याच बोलण्याचे सरकारी भाषांतर वाटते. आजोबांचा बैल परवानगी येईपर्यंत म्हातारा झाला होता. तो पुन्हा घाटात उतरला नाही. पण यात्रेच्या दिवशी ध्वनिक्षेपक ऐकू आला, की तो कान टवकारून उभा राहतो आणि आजोबा त्याच्या पाठीवर हात ठेवतात. हात चाटून घ्यायला अजूनही त्यांना काही करावे लागत नाही.